ओपन सोर्स प्रकल्प उभा राहिला, आता तो हाकायचा कसा?

आमच्या घरी पहाणी आली की ती वाचायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागायची. पहाणी म्हणजे आमच्याकडचा सातबारा. आजोबा मराठी शाळेत शिकलेले आणि कागद सगळा कन्नडमध्ये. बोलायला त्यांना कन्नड फर्डं येतं, बाजारात घासाघीस करतात, पण अक्षर लागत नाही. खानापूर, बेळगाव, निपाणी या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ. त्यांच्यासाठी मी कन्नड मजकूर देवनागरी अक्षरांत दाखवणारं एक लहान अ‍ॅप लिहिलं आणि कोड सगळ्यांना खुला, म्हणजे ओपन सोर्स, ठेवला.

कोड लिहायला दोन महिने लागले. पुढची तीन वर्षं माणसं सांभाळण्यात गेली. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाचं सॉफ्टवेअर बघते. तिथं साहेब सांगतात, आम्ही करतो. स्वयंसेवी प्रकल्पात साहेब नाही, पगार नाही, त्यामुळे कुणी कुणाचं ऐकायला बांधील नाही. रागावलेला माणूस राजीनामा देत नाही, नुसता यायचा बंद होतो. तुमच्या हातात असतं ते फक्त मर्जचं, म्हणजे दुसऱ्यानं पाठवलेला बदल कोडमध्ये सामावून घ्यायचं बटण. तेवढ्या भांडवलावर प्रकल्प कसा चालवायचा ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हा लेख. पहिल्यांदाच प्रकल्प काढलाय आणि चार-पाच माणसं येऊन थांबलीत, अशांसाठी आहे.

## हाताशी काय काय हवं

- रीडमी: प्रकल्प काय करतो, कुणासाठी, कसा चालवून बघायचा. एक पान पुरे.
- परवान्याची फाइल.
- 'हे आम्ही करत नाही' अशी यादी. सगळ्यात महत्त्वाचा कागद हाच.
- निर्णयवही: काय ठरलं, कधी, का. कोडच्या शेजारीच साधी मजकुराची फाइल.
- मेंटेनरांची यादी: कोणता भाग कोण बघतं, मर्जचा अधिकार कुणाला.
- वर्तणुकीचे नियम, आणि तक्रार कुणाकडे करायची ते. तक्रार ऐकणारी माणसं दोन हवीत, कारण तक्रार एकाबद्दलच असू शकते.
- चाव्यांची यादी: डोमेन, अ‍ॅपस्टोअरचं खातं, नव्या आवृत्तीवर डिजिटल सही करायची किल्ली, रिकव्हरी कोड. ही अर्थातच उघड्यावर ठेवायची नाही.

हे सगळं एका रविवारी होतं. मी दीड वर्षानं केलं, आणि त्या दीड वर्षाची किंमत खाली ठिकठिकाणी दिसेल.

## १. काय करणार नाही, ते आधी लिहा

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, भारतीय लिप्यांचे तक्ते इस्की या जुन्या भारतीय मानकाच्या धर्तीवर एकाच क्रमाने लावलेले आहेत. देवनागरी 'क'चा क्रमांक २३२५, कन्नड 'क'चा ३२२१. वजाबाकी ८९६. बहुतेक अक्षरांना हाच फरक लागू पडतो. म्हणजे आमच्या अ‍ॅपचा गाभा एका वजाबाकीचा आहे. आता अशा अ‍ॅपला किती फाटे फुटावेत? एकाला भाषांतर हवं होतं, दुसऱ्याला आवाज. एकजण म्हणाला, पहाणीचा फोटो काढला की अक्षरं आपोआप वाचली जावीत. आणखी एकाला जमिनीवर बोजा आहे का ते अ‍ॅपनंच सांगायला हवं होतं.

मी सगळ्यांना हो म्हणाले. लोक फुकट काम करायला आलेत, त्यांना नाही कसं म्हणायचं? सहा महिन्यांनी चार अर्धवट गोष्टी पडून होत्या, आणि त्या सुरू करणारे चौघंही गेलेले.

मग यादी लिहिली. भाषांतर करत नाही. फोटोतली अक्षरं ओळखायचा कोड आपण लिहीत नाही, कारण टेसरॅक्ट आधीपासून आहे, तेही ओपन सोर्सच आहे आणि त्याला कन्नड वाचता येतं. कागदाचा कायदेशीर अर्थ तर कधीच सांगत नाही. त्यावर विसंबून कुणी व्यवहार केला तर? आणि पहिली ओळ: कागदावर जे लिहिलंय तेच दाखवायचं, त्यात सुधारणा करायची नाही. ही एक ओळ पुढं किती उपयोगी पडली ते सातव्या पायरीत येईल.

नव्या माणसाला 'नाही' ऐकायचं वाईट वाटत नाही. तीन आठवडे खपल्यावर ऐकायचं वाटतं.

## २. परवाना पहिल्या दिवशी

परवाना नसलेला कोड नेटवर दिसत असला तरी तो कुणी वापरायचा अधिकार आपोआप मिळत नाही. मालकी लिहिणाऱ्याची राहते. आणि दहाजणांचा कोड आत आल्यावर परवाना बदलायचा म्हटलं तर दहाहीजणांची संमती लागते, त्यातला एक परदेशात, एकाचा ईमेल बंद. एमआयटी घ्या किंवा जीपीएल घ्या. फरक थोडक्यात असा: एमआयटीचा कोड घेऊन कुणीही आपलं बंद उत्पादन बनवू शकतो, जीपीएलचा घेऊन वाटप करणाऱ्याला स्वतःचे बदलही खुले करावे लागतात. यावर आठवडाभर चर्चा करू नका.

## ३. शेवटचा शब्द कुणाचा

'आपण सगळे मिळून ठरवू' हे ऐकायला गोड लागतं. आमच्याकडे त्याचा अर्थ झाला, ज्याला रात्री बारापर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर वाद घालायला वेळ आहे तो ठरवणार.

मोठ्या प्रकल्पांनी काय केलंय ते बघून ठेवा, नक्कल करायची गरज नाही. लिनक्स ही कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) १९९१ पासून लिनस टोरवाल्ड्स यांच्या भोवती आहे, पण ते एकटे सगळं बघत नाहीत. प्रत्येक भागाचा वेगळा मेंटेनर आहे आणि त्यांची यादी कोडमध्येच एका फाइलीत आहे. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत गीडो व्हान रॉसम यांचा शब्द अखेरचा असायचा. २०१८ मध्ये एका लहानशा चिन्हावरून, म्हणजे अपूर्णविराम आणि बरोबर यांच्या जोडीवरून, इतकी धुसफूस झाली की निर्णय देऊन झाल्यावर त्यांनी ती जागाच सोडली. पुढच्या वर्षापासून पाचजणांचं निवडून आलेलं मंडळ आहे, आणि एकाच कंपनीतले दोनपेक्षा जास्त लोक त्यात बसू शकत नाहीत. ही शेवटची अट मला फार आवडते. आमच्याकडे 'कंपनी'च्या जागी 'कॉलेज' घाला.

डेबियन हा लिनक्सवर उभा असलेला प्रकल्प दरवर्षी नेता निवडतो. मतपत्रिकेवर 'यांपैकी कुणीही नाही' हाही पर्याय असतो, आणि नेत्याचा निर्णय सभासद मतदानानं फिरवू शकतात. २०१९ मध्ये तर मुदत संपेपर्यंत एकही अर्ज आला नव्हता, मुदत वाढवावी लागली. दरवर्षी नेता बदलायचा म्हटलं की आमच्या गटातले लोक दचकले. त्यांना मी बेळगावच्या काँग्रेस विहिरीची, आणि ती ज्या अधिवेशनासाठी खणली त्याची, आठवण करून दिली. १९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. त्यांचं ते एकमेव अध्यक्षपद. पुढच्या अधिवेशनाला अध्यक्ष दुसऱ्या होत्या, सरोजिनी नायडू. गांधीजींचं वजन त्यानं कमी झालं नाही.

तुम्ही पाचजण असाल तर निवडणूक नको. एकानं शेवटचा शब्द घ्यावा, पण तसं रीडमीत लिहावं, आणि हे किती दिवसांसाठी आहे तेही लिहावं. आम्ही लिहिलं, 'दहा सक्रिय योगदाते होईपर्यंत'.

रोजच्या बाबतीत अपाचे या ओपन सोर्स संस्थेची रीत सोयीची आहे: प्रस्ताव मांडा, ठरावीक मुदत द्या, कुणी हरकत घेतली नाही तर संमती धरा. त्यांच्याकडे मुदत साधारण ७२ तासांची असते आणि कोडला नकार द्यायचा तर तांत्रिक कारण द्यावं लागतं. आम्ही पाच दिवस ठेवले. आमच्यात निम्मे विद्यार्थी, आणि परीक्षा लागल्या की ते गायबच होतात.

## ४. 'नोडोण' म्हणू नका

बेळगावात राहणाऱ्याला हा शब्द सांगावा लागत नाही. बाहेरच्यांसाठी: नोडोण म्हणजे 'बघूया'. सरकारी कचेरीपासून लग्नाच्या बोलणीपर्यंत सगळीकडे चालतो आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असतो, फक्त ते कळायला दोन महिने जातात.

खानापूरच्या एका विद्यार्थ्यानं आमच्या प्रकल्पाला पहिली मोठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल कोडमध्ये घ्या' अशी विनंती, पाठवली. चांगली होती, पण मला त्यातली एक गोष्ट पटत नव्हती. मी लिहिलं, बघूया. तो दर आठवड्याला विचारायचा, "ताई, मर्ज करा की!" आणि मी दर आठवड्याला बघूया. पाचव्या आठवड्यानंतर विचारणं थांबलं. तो पुन्हा आला नाही. त्याचा कोड मी आठ महिन्यांनी जवळजवळ तसाच वापरला, ही त्यातली लाज वाटणारी गोष्ट.

आता आमचा नियम असा. सात दिवसांत तीनपैकी एक उत्तर: घेतलं, या बदलांनंतर घेऊ, घेत नाही, कारण हे. चौथं उत्तर नाही. वेळच नसेल तर तेही तारखेसह लिहायचं: 'मार्चअखेरीची कामं आहेत, १० एप्रिलला बघेन.' फाउंड्रीत साच्याला जी तारीख देतात तिला काही अर्थ असतो, तसा इथंही असू द्या.

## ५. वाद मिटवायला सेटिंग वाढवू नका

हा सापळा मला कुठं वाचायला मिळाला नव्हता, म्हणून जरा सविस्तर.

कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत. मराठीत एकेकच. पहाणीवर 'नाव' या अर्थाचा शब्द असतो, त्यातला ए ऱ्हस्व. नुसती ८९६ ची वजाबाकी केली की देवनागरीत 'हॆसरु' असं उमटतं. हे उलटं मात्रेसारखं चिन्ह युनिकोडच्या देवनागरी तक्त्यात आहे, पण मराठी वाचणाऱ्यानं ते आयुष्यात पाहिलेलं नसतं. आजोबांना वाटलं छपाईत काहीतरी बिघडलंय. निपाणीच्या एक शिक्षिका म्हणाल्या, सरळ 'हेसरु' दाखवा. धारवाडचा एक कन्नड मातृभाषेचा मुलगा म्हणाला, "अक्का, असं कसं चालेल? कॊडु म्हणजे दे, आणि कोडु म्हणजे शिंग!"

दोघांचंही बरोबर होतं. मी काय केलं? सेटिंग दिलं. ज्याला जे हवं ते त्यानं निवडावं. दोघं खूश, मी शांत. मग अनुस्वाराचा वाद आला: 'ङ्क' की 'ंक'. सेटिंग. आकडे देवनागरी की इंग्रजी? सेटिंग. अशी अकरा सेटिंगं झाली. आजोबांनी एकदा अ‍ॅप उघडलं, अकरा प्रश्न पाहिले आणि शेजारच्या मुलाला हाक मारली.

प्रत्येक सेटिंग म्हणजे मी टाळलेला एक निर्णय होता, आणि तो मी आजोबांच्या डोक्यावर टाकला होता.

शेवटी तोडगा असा काढला: आतली लायब्ररी, जी दुसरे प्रोग्रॅमरही वापरतात, ती काटेकोर राहील, त्यात ऱ्हस्वाचं चिन्ह कधीच गाळायचं नाही. वरचं अ‍ॅप मराठी वाचकासाठी, त्यात 'हेसरु' दिसेल. सेटिंग नाही. लायब्ररीची जबाबदारी धारवाडच्या मुलाकडे, अ‍ॅपची शिक्षिकाबाईंकडे. वाद करणारी दोन माणसं दोन भागांची मालक झाली आणि भांडण आपोआप विरलं. सगळ्याच वादांना अशी फाळणी जमत नाही हे मान्य. पण आधी एक प्रश्न विचारून बघा: हा माणूस कुणाच्या वतीनं भांडतोय? दोघं वेगवेगळ्या वापरणाऱ्यांच्या वतीनं भांडत असतील तर प्रकल्पात शिवण कुठं घालायची ते तिथंच दिसतं.

## ६. ठरलेलं लिहा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नको

गटात ठरलेली गोष्ट तीन दिवसांत गुड मॉर्निंगखाली गाडली जाते. निर्णयवहीत चार ओळी पुरतात: प्रश्न काय होता, काय ठरलं, कोणते पर्याय नाकारले, का. नाकारलेले पर्याय जरूर लिहा. दर नवा माणूस तेच पर्याय घेऊन येतो, त्याला वाद न घालता दुवा देता येतो.

भाषेचं म्हणाल तर: इश्यू, म्हणजे चूक किंवा सूचना यांची नोंद, मराठी, कन्नड, इंग्रजी, कशातही उघडा. निर्णय मात्र मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहायचा. थोडं कष्टाचं आहे. पण आमच्याकडे पहिल्या वर्षी सगळं मराठीत चालायचं आणि कन्नड मुलं गप्प असायची. मला वाटायचं त्यांची संमती आहे.

एक धोका इथंच सांगते. एका स्वयंसेवकानं चूक दाखवायला आपल्या मामाची खरी पहाणी इश्यूमध्ये चिकटवली आणि दुसऱ्यानं तीच चाचणीची फाइल म्हणून कोडमध्ये घातली. नाव, सर्व्हे नंबर, सगळं उघडं. फाइल काढून टाकली तरी, कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात ती राहते. इतिहास पुन्हा लिहावा लागला आणि ज्यांनी ज्यांनी प्रत उतरवली होती त्यांना कळवावं लागलं. नमुन्याचे कागद पहिल्या दिवशीच बनावट नावांनी तयार करून ठेवा.

## ७. बेळगाव की बेळगावी

सीमाभागात प्रकल्प असेल तर ही पायरी टळत नाही.

शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं. आमच्या रीडमीत मी सवयीनं 'बेळगाव' लिहिलं होतं. कुणीतरी एका शब्दाची पुल रिक्वेस्ट पाठवली: 'बेळगावी'. दुसऱ्यानं ती उलटवणारी पाठवली. दोन दिवसांत त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी कोडवर वर्षभरात झाली नव्हती, आणि त्यातली बरीचशी माणसं प्रकल्पात याआधी कधी दिसलेलीही नव्हती.

पहिल्या पायरीतली ओळ इथं कामी आली: कागदावर जे लिहिलंय तेच दाखवायचं. पहाणीवर जे नाव असेल ते अ‍ॅप तसंच अक्षरांत उमटवेल. अ‍ॅपचा आपला मजकूर मराठीत असेल तेव्हा बेळगाव, कन्नडमध्ये असेल तेव्हा बेळगावी. वहीत नोंद केली आणि चर्चा बंद केली. चार ओळींत मावलं कारण नियम आधीचा होता. भांडण सुरू झाल्यावर केलेला नियम कुणालाच निष्पक्ष वाटत नाही.

व्यवहारातली सूचना: १ नोव्हेंबरच्या आसपास असला इश्यू उघडा ठेवू नका. त्या दिवशी एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन. नवी आवृत्तीसुद्धा आम्ही त्या आठवड्यात काढत नाही.

## ८. चाव्या दोघांकडे

आमचं अ‍ॅपस्टोअरचं खातं एका मुलाच्या वैयक्तिक ईमेलवर होतं. त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, दोन टप्प्यांचा कोड जुन्या नंबरवर जायचा. अडीच महिने आम्ही साधी दुरुस्तीही लोकांपर्यंत पोचवू शकलो नाही. त्याचा काही दोष नाही, आम्ही कधी विचारलंच नव्हतं. प्रकल्पासाठी स्वतंत्र ईमेल काढा, रिकव्हरी कोड कागदावर छापून दोन घरांत ठेवा, आणि वर्षातून एकदा ते खरंच चालतात का ते बघा.

## ९. अधिकार द्या, पण घाईनं नको

थकलेला मेंटेनर पहिल्या उत्साही माणसाच्या हातात सगळं देतो. एक्सझेड हे लिनक्सवर जवळपास सगळीकडे असलेलं कॉम्प्रेशनचं साधन, एकच माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यामागे मेलवरून तगादा लागला: काम हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला द्या. 'जिया टॅन' या नावाचा एक मदतनीस तयारच होता. त्याला हळूहळू अधिकार मिळाले. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरवरचं लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं, तो खणत गेला आणि मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं.

आमचं अ‍ॅप एवढं मोठं नाही, तरी रीत ठेवलीय. निदान सहा महिने काम, आधी एकाच भागाचा अधिकार, आणि नवी आवृत्ती दोघांच्या मंजुरीशिवाय बाहेर जात नाही. शक्य तिथं प्रत्यक्ष भेट. धारवाडच्या मुलाला भेटायला मी बसनं गेले, जाताना कुंदा नेला, येताना पेढे आणले. दोन तासांत जे कळलं ते वर्षभराच्या इश्यूंमधून कळलं नव्हतं. त्याला मराठी वाचता येतं, बोलायला लाजतो, एवढंच.

आणि तगादा लावणाऱ्याला घाबरू नका. 'हे आम्ही फावल्या वेळात करतो' हे वाक्य रीडमीत ठळक अक्षरात असू द्या.

## १०. स्वतः बाजूला व्हा

दहा योगदात्यांची अट गेल्या वर्षी पूर्ण झाली. आता तीनजणांची समिती आहे, मुदत वर्षाची, एका कॉलेजातला एकच, आणि कन्नड मातृभाषेचा एक तरी. त्याआधी मी पंधरा दिवस लॅपटॉप उघडलाच नाही, काय काय अडतं ते कळावं म्हणून. तीन गोष्टी अडल्या. तिन्ही माझ्या डोक्यात होत्या, कागदावर नव्हत्या. तुम्हीही ही परीक्षा घ्या, आणि आधी सांगू नका.

मर्जचा अधिकार मी सोडलाय. डिसेंबरातल्या निवडीत नाव दिलं नाही. नवं रीडमी धारवाडच्या मुलानं मराठीत लिहिलंय, पहिल्याच ओळीत दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. मी इतरांसारखाच इश्यू उघडला. त्याचं उत्तर आलं: "नोडोण, अक्का."

आज सहावा दिवस आहे.